फलकामागची जागा

एल्सबरोत फलक फार. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात माणसांपेक्षा फलक जास्त, असं वेंडल जेफर्स म्हणायचा, आणि त्याला म्हणायचा अधिकार होता. अमुक पाद्री इथे घोड्यावरून उतरला, तमुक कप्तान इथे पाणी प्यायला. स्वातंत्र्ययुद्धातला एक सेनापती इथल्या खानावळीत एक रात्र झोपला होता, असाही एक फलक आहे. तो त्याच रात्री शेजारच्या गावातही झोपला होता असा फलक तिकडे आहे, आणि त्यावरून दोन्ही गावांचं अजून वाकडं आहे.

बर्फ वितळलं की गावच्या रस्तेखात्याचा माणूस म्हणून हे सगळे लोखंडी फलक रंगवणं वेंडलकडे असे. आधी पांढरा हात, मग उठावाच्या अक्षरांवर बारीक कुंचल्याने काळा. सगळ्यात शेवटी तो नदीकडच्या रस्त्यावरचा फलक घ्यायचा. त्यावर लिहिलं होतं: 'याच जागेजवळ टोपल्या विणणारी थँकफुल राहत असे. नशाक्वित जमातीतली ही शेवटची. मृत्यू १८४१.'

तो रंगवून वेंडल घरी आला की मोरीत टर्पेंटाइनने हात चोळत बहिणीला सांगायचा, "आलो मारून. सगळ्यांना."

एर्लीन चुलीवरचं भांडं न सोडता म्हणायची, "मेलेल्यांनी हात नीट धुवावेत आणि जेवायला बसावं."

हा विनोद त्या घरात तीस वर्षं चालला. कारण ती थँकफुल त्यांच्या आईच्या पणजीची आई होती.

थँकफुलच्या मुलीने देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावरच्या एका काळ्या खलाशाशी लग्न केलं, आणि तेव्हापासून गावच्या कारकुनाने या घराला 'काळे' म्हणून लिहून टाकलं. विषय संपला. लिहिणाऱ्याचा संपला, घराचा संपला नाही. ही माणसं टोपल्या विणत राहिली, मुलं वाढवत राहिली, आणि मेली की फलकामागच्या उतारावर, नदीकडे पाय करून पुरली जात राहिली. डोक्याशी एक ओबडधोबड दगड, पायाशी एक. नाव कोरायचं नाही. नाव तोंडात ठेवायचं. रस्त्याच्या कडेला दगडांचा एक जुना ढीग आहे, त्यावर प्रत्येक मेलेल्यामागे एक दगड ठेवायचा. गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. गावाने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही, आणि तेवढ्यावर सगळं सुरळीत चाललं होतं.

१९१२ साली फलक बसला तेव्हा मोठा सोहळा झाला होता. फलकावरचं कापड ओढायला कोणीतरी 'इंडियन कन्या', म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांतली मुलगी, हवी होती. गावाने बरोबर यांच्याच आईला, सतरा वर्षांच्या डॉर्कसला उचललं. खाटकाकडची टर्कीची पिसं डोक्याला बांधली, झालर लावलेला झगा घातला आणि उभी केली. वेंडलने मोठेपणी एकदा आईला विचारलं होतं की तू ते ओढलंसच कसं. डॉर्कस म्हणाली, "कापड ओढेपर्यंत खाली काय लिहिलंय ते दिसतं का कोणाला?"

डॉर्कसही पुढे त्याच उतारावर गेली. त्यानंतर जुन्या वस्तू शोधायला रविवारी फावडी घेऊन येणारे हौशी लोक वाढले. डोक्याशी-पायाशी ठेवलेले दगड कोणाच्या ना कोणाच्या बागेत जाऊन बसू लागले. तेव्हा वेंडलने उरलेले सगळे दगड आडवे पाडून मातीत दाबले आणि वर गवत वाढू दिलं. कोण कुठे आहे ते मला पाठ आहे, म्हणायचा. एर्लीनला एकदा सगळी ओळ दाखवायची, असं त्याने ठरवलं होतं. घरातल्या घरात काय घाई, म्हणून राहिलं.

आणि त्या जानेवारीत रस्त्यावरचं बर्फ काढता काढता वेंडल गाडीच्या पायरीवर दम खायला बसला तो उठलाच नाही.

एल्सबरोच्या हिवाळ्यात जमीन लोखंडासारखी होते, कुदळ आपटली तर कुदळ वाकते. म्हणून हिवाळ्यात मेलेल्यांना टेकडीच्या कुशीतल्या दगडी कोठीत ठेवतात आणि जमीन सुटली की पुरतात. कोठीला लोखंडी दार आहे. किल्ली स्टॅन कोवालकडे. हा स्टॅन वेंडलचा रस्तेखात्यातला जोडीदार, आणि गावची थडगी खणायचं कामही त्याच्याकडेच. त्याने वेंडलची पेटी सगळ्यात आतल्या कोरड्या फळीवर ठेवली आणि एर्लीनला म्हणाला, "एप्रिलपर्यंत निवांत आहे तो. तू तोवर जागेचं बघ."

जागेचं काय बघायचं, असं एर्लीनला वाटलं होतं. जागा ठरलेली होती. वेंडलने आयुष्यात कसली म्हणून मागणी केली नाही, एवढी एकच: आईच्या शेजारी. पण मागच्या वर्षी गावाने तो सगळा उतार ऐतिहासिक जागा म्हणून जाहीर केला होता. स्वातंत्र्ययुद्धाला दोनशे वर्षं होत होती, गावोगावी इतिहासाचं पीक आलं होतं. आता तिथे खणायचं तर इतिहास समितीची परवानगी हवी.

समितीच्या मुख्य लॅथ्रॉपबाई. सत्तरी ओलांडलेल्या, काटकुळ्या, आणि मनाने खरंच चांगल्या. त्या वाईट असत्या तर बरं झालं असतं, कारण वाईट माणसाशी भांडता तरी येतं. एर्लीन गावच्या शाळेत स्वयंपाकीण; बाईंची नातवंडं तिच्या हातचं खाऊन वाढलेली. बाईंनी तिला खुर्ची दिली, तिचे हात हातात घेतले, वेंडलसारखं सुबक काम आता कोण करणार म्हणून डोळे पुसले. मग म्हणाल्या की टेकडीवरच्या नव्या स्मशानात, मेपलच्या झाडाखाली, गाव त्याला फुकट जागा देईल.

"आमची आई नदीवर आहे, बाई," एर्लीन म्हणाली.

"तशी कुठे नोंद नाही ना, एर्लीन. तिथलं शेवटचं दफन १८४१ चं. फलकावरच आहे."

"तो फलक माझा भाऊ रंगवायचा."

"म्हणून तर म्हणते, त्याला हे कळलं असतं."

बाईंच्या मागे भिंतीवर त्या जुन्या सोहळ्याचं छायाचित्र टांगलं होतं. पिसं लावलेली डॉर्कस, हातात कापडाचं टोक. एर्लीनने बोट दाखवलं. म्हणाली, ही माझी आई. ती इंडियन होती म्हणूनच तुम्ही लोकांनी तिला उभं केलं होतं.

लॅथ्रॉपबाईंनी वळून मायेने चित्राकडे पाहिलं. "किती शोभत होता तिला तो पोशाख. अगं, त्या सोहळ्यात आमचा दूधवालासुद्धा गव्हर्नर झाला होता."

एर्लीन उठली. दारापर्यंत गेली तेव्हा बाईंनीच तिला थांबवलं आणि एक मार्ग सुचवला. जमीन सुटली की विद्यापीठाची माणसं उत्खननाला येणारच आहेत. त्यांना १८४१ च्या नंतरचं एक जरी थडगं मिळालं तर समिती आनंदाने विचार बदलेल. मात्र तिथे तुझीच माणसं आहेत असं तू म्हणतेस, तर तुझी संमती असलेली बरी दिसेल. थोडक्यात, भावाला आईशेजारी ठेवायचं असेल तर आधी आईला उकरून दाखव.

एर्लीन घरी आली आणि अंगातला कोट न काढता बसून राहिली. इकडे आड, तिकडे विहीर. त्या घरात एकच गोष्ट कधी कोणी मोडली नव्हती: खाली गेलेल्याला हात लावायचा नाही. कशासाठीच नाही. आणि वेंडलने तर गवताखाली दगड लपवले होते ते याच फावड्यांपासून.

वेंडलची मुलगी लॉर्ना वूस्टरला इस्पितळात परिचारिका. तिला रोज मरण बघायची सवय, त्यामुळे बोलायला रोखठोक. रविवारी आली आणि पाव कापता कापता म्हणाली, "आत्या, सही कर. बाबा तिथे कुलपात पडलेत. लोक बटाटे ठेवतात तसे."

"तुझ्या आजीवर फावडं चालवू?"

"आजी काय उठून ओरडणार आहे?"

"ओरडणार नाही म्हणूनच," एर्लीन म्हणाली. लॉर्नाचंही चूक नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

फेब्रुवारीभर एर्लीन शाळा सुटली की कोठीकडे जाऊन त्या लोखंडी दाराशी उभी राही. कधी दाराला हात लावी, कधी वेंडलला मनातल्या मनात शिव्या देई: अरे शहाण्या, एक ओळ दाखवायला किती वेळ लागला असता? मग त्या शिव्यांचीच लाज वाटून रडत घरी येई. झोप गेली, जेवण गेलं. शाळेतल्या मुलांच्या गोड घेवड्यात तिने एकदा साखरेऐवजी मीठ घातलं आणि कोणी काही बोललं नाही, तेव्हा सगळ्या गावाला आपली कीव येते हे तिला कळलं. मार्चमध्ये छपरांवरून पाणी गळायला लागलं. स्टॅन टोपी हातात घेऊन दाराशी आला. ऊब वाढतेय, म्हणाला. दोनशे वर्षांच्या सोहळ्याचं संचलन एप्रिलमध्ये आहे, त्याआधी कोठी रिकामी करावी लागेल. दुसऱ्या दिवशी तिने सही केली.

विद्यापीठाचा प्राध्यापक आणि त्याची तीन विद्यार्थी मुलं-मुली आली. दोऱ्या बांधल्या, खुंट्या ठोकल्या, आणि तिला अदबीने विचारलं की आई कुठे. कुठे? पुरलं तेव्हा एप्रिलमधलं अवेळी बर्फ पडत होतं, डोळ्यांत पाणी होतं, जवळ एक झाड होतं. ते झाड आता नव्हतं. एर्लीन उतारावर वर-खाली फिरली, नदीकडे पाहून अंदाज घेतला आणि शेवटी एका जागी थांबून म्हणाली, इथे असेल.

तिथे कोणीतरी होतं. पण डॉर्कस नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन निजलेली एक बाई होती, छातीशी तांब्याचं लहानसं भांडं, गळ्यात शिंपल्यांचे मणी. पेटी नाही, खिळे नाहीत. एल्सबरो वसायच्याही आधीची. या भागात असं काही मिळालंच नव्हतं. झालं, फावडी बाजूला पडली आणि ब्रश आले. जेवढे दिवस ठरले होते तेवढे सगळे त्या एका बाईभोवती गेले. एर्लीन रोज येऊन कडेला उभी राही. अखेर तिने विचारलं, माझ्या आईचं काय? त्याने सभ्यपणे सांगितलं की हे त्याहून पुष्कळ महत्त्वाचं आहे.

त्यांनी बाईला हाडाहाडाने उचललं, कापसात गुंडाळलं, पेट्यांत घातलं आणि पेट्यांवर आकडे टाकले.

"कुठे नेताय तिला?" एर्लीनने विचारलं.

"अभ्यासाला. अगदी सुरक्षित राहतील."

"परत कधी आणणार?"

प्राध्यापकाला प्रश्नच कळला नाही. तो हसला, तिच्याशी हात मिळवला, आणि गाडी गेली.

समितीचा निर्णय लॅथ्रॉपबाईंनी स्वतः घरी येऊन सांगितला, सोबत क्रॅनबेरीची वडी घेऊन. जे सापडलं ते जुनं होतं. नंतरचं काही सापडलं नाही. म्हणजे फलक बरोबरच आहे. टेकडीवरची जागा अजून आहे. आणि खड्डा शनिवारच्या आत बुजवायला सांगितलाय, कारण संचलन त्या रस्त्याने जायचंय, कोणी पडायला नको. एर्लीनने वडी घेतली, आभार मानले, दार लावलं आणि दाराला पाठ लावून खाली बसली. तेलही गेलं, तूपही गेलं. भावाला जागा मिळाली नाही, आणि जी म्हातारी तीनशे वर्षं कोणाच्या अध्यात ना मध्यात निजली होती तिला आपण बोट दाखवून पकडून दिलं.

शुक्रवारी ती उतारावर गेली. खड्ड्याच्या कडेशी बसली. खाली थोडं पाणी साचलं होतं. आपणच आत उतरून आडवं व्हावं, असं तिला वाटलं. आणि ते नुसतं वाटलं नाही, तिने एक पाय आत सोडलाही. तेवढ्यात वर रस्त्यावर स्टॅनचा खडीचा ट्रक थांबला.

तो खाली आला, तिच्या शेजारी बसला.

"समितीने खड्डा बुजवायला सांगितलाय," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"काय घालून बुजवायचा, ते नाही सांगितलं."

एर्लीनने त्याच्याकडे पाहिलं. तो नदीकडे बघत होता.

"ही जागा तिची आहे, स्टॅन," ती म्हणाली. "तिला मी घालवली. आता तिच्या अंथरुणात भावाला निजवू?"

"मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण वेंडल काय म्हणाला असता, ते तुला कळत असेल."

ते तिला कळत होतं. अगदी त्याच्या आवाजात ऐकू आलं: म्हातारी येईपर्यंत अंथरूण ऊबदार ठेवतो, आली की सरकून घेईन. एर्लीनला हसू आलं आणि त्या हसण्यातूनच इतक्या महिन्यांचं रडू असं फुटलं की स्टॅन घाबरून उठून उभा राहिला.

तिने समितीला कळवलं की वेंडलला मुलीकडे वूस्टरला नेतोय. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. शनिवारी सकाळी अख्खं गाव हिरवळीवर जमलं. जुन्या सैनिकांच्या तिकोनी टोप्या, चांदीच्या गुंड्या, लाल कोट घालून इंग्रज झालेला औषधवाला. नदीकडच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. स्टॅनने ट्रक मागे घेतला. लॉर्ना, स्टॅन आणि एर्लीन, तिघांनी मिळून पेटी दोरांवर खाली सोडली. मधोमध नाही, एर्लीनने ती नदीकडच्या कडेला सरकवायला लावली. दुसरी कडा मोकळी ठेवली, गुडघे पोटाशी घेतलेली एक लहानखुरी बाई मावेल एवढी. हिरवळीवर बंदुकांचे बार झाले. लॉर्नाने बापावर माती लोटली. मग एर्लीनने रस्त्याकडेच्या त्या जुन्या दगडांच्या ढिगावर वेंडलसाठी एक दगड ठेवला, आणि जरा थांबून आणखी एक, जिला नेलं तिच्यासाठी. संचलन ढोल वाजवत तिथून गेलं तेव्हा खड्डा बुजला होता आणि स्टॅन टोपी छातीशी धरून कडेला उभा होता. लोकांना वाटलं, देशासाठी.

मे महिन्यात फलक रंगवायचे होते. लॅथ्रॉपबाईंनी एर्लीनला विचारलं, वेंडलचा हात तुझ्यातही असेल, तू करशील का? स्टॅनने वेंडलचे डबे आणि कुंचले आणून दिले. पाद्री, कप्तान, झोपलेला सेनापती, सगळे झाले. शेवटी ती नदीकडच्या फलकापाशी आली. आधी पांढरा हात दिला. मग काळा घेतला. 'थँकफुल' झालं, 'जमातीतली' झालं. 'शेवटची' या अक्षरांपाशी तिचा हात थांबला.

ती अक्षरं पांढरीच सोडून द्यायचं तिने बाईंनी विचारलं तेव्हापासून मनात घोळवलं होतं. सोडलं असतं तर दुसऱ्याच दिवशी समिती आली असती, समितीमागून प्रश्न आले असते, प्रश्नांमागून फावडी. आणि आता तिथे सापडण्यासारखं ताजं काही होतं. या उतारावर १८४१ नंतर कोणी गेलंच नाही, असं गाव जोवर मानतंय तोवरच वेंडल तिथे होता. तिने कुंचला बुडवला आणि 'शेवटची' रंगवलं, सगळ्या अक्षरांपेक्षा जाड, काळंभोर, लांबून वाचता येईल असं. मागे लॅथ्रॉपबाईंची गाडी थांबली.

"किती सुबक," बाई म्हणाल्या. "आणि वेंडल? तिकडे जागा चांगली मिळाली ना?"

"हो बाई. चांगली मिळाली."

घरी येऊन तिने मोरीत टर्पेंटाइनने हात चोळले. आले मारून, ती म्हणाली. सगळ्यांना. चुलीपाशी उत्तर द्यायला कोणी नव्हतं. मग तिने हात पुन्हा एकदा नीट धुतले आणि जेवायला बसली.